विदर्भातील खेड्यातून जर्मनीत : कुटुंबाची घडी बसवण्याचे क्रमवार मार्गदर्शन

महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी सामंजस्य करार केला, आणि त्यानंतर आमच्या भागातील लहान गावांतूनही जर्मन भाषेच्या वर्गांची विचारपूस होऊ लागली. नोकरी कशी मिळवावी, व्हिसा कसा काढावा, याची माहिती आता पुष्कळ मिळते. मात्र नवरा-बायको आणि लेकरे असे सगळे घर उचलून तिथे गेल्यावर चूल कशी मांडावी, कोणते काम आधी आणि कोणते नंतर करावे, हे कोणी क्रमाने सांगत नाही. तेच येथे सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

आमच्या घरी परदेशातील नोकरी माझ्या पत्नीची आहे. ती परिचारिका असून आमच्या आधी सात महिने तिकडे गेली. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात सहा एकर कोरडवाहू वावर करणारा माणूस. दोन लेकरांना घेऊन मी तिच्या मागोमाग स्टुटगार्टपासून तासाभरावरील एका लहान गावी पोहोचलो. सुरुवातीचे कित्येक महिने घरी राहणारा माणूस मीच होतो, आणि त्या काळात मला एक गोष्ट स्वच्छ कळली. परदेशात घर उभे राहते ते कमावत्या माणसाच्या पगारावर, पण त्याची घडी बसते ती घरी राहणाऱ्या माणसामुळे. तो माणूस दुकानात, दवाखान्यात आणि शाळेत एकटा जाऊन, आपले म्हणणे सांगून आणि समोरच्याचे समजून घेऊन परत येऊ लागला, म्हणजे कुटुंब रुजले असे समजावे. पुढील पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत.

गाव सोडण्यापूर्वी : कागदोपत्री एकच नाव

आपल्याकडे एकाच माणसाचे नाव आधारवर एका प्रकारे, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या प्रकारे आणि सातबारावर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले असते. गावात सर्वजण ओळखत असल्यामुळे त्याने काही अडत नाही. जर्मनीतील कार्यालयात मात्र ओळख कागदाची असते, आणि पासपोर्ट व विवाह प्रमाणपत्र यांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी खुलासा मागितला जातो. म्हणून नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करण्यापूर्वीच कुटुंबातील प्रत्येकाच्या सर्व दाखल्यांवरील इंग्रजी स्पेलिंग एका पानावर शेजारी-शेजारी लिहून काढावे, आणि जिथे फरक दिसेल तिथली दुरुस्ती आधी उरकावी.

विवाह नोंदणी हे दुसरे राहून गेलेले काम असते. गावात लग्न मांडवात लागते, वऱ्हाड जेवून जाते, आणि नोंदणीचे नाव कोणी काढत नाही. ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच विवाह निबंधक असल्यामुळे लग्नपत्रिका, छायाचित्र, वयाचे पुरावे आणि तीन साक्षीदार घेऊन ग्रामपंचायतीत गेल्यास ही नोंदणी नंतरही करता येते. मुलांच्या जन्मदाखल्यांवर नाव लिहिलेले आहे का, हेही पाहावे. माझ्या धाकट्या मुलीच्या दाखल्यावर नावाची जागा कोरीच होती, आणि हे आमच्या लक्षात आले तेव्हा व्हिसाच्या मुलाखतीला अकरा दिवस उरले होते.

तिसरा कागद लसीकरणाचा आहे, आणि त्याला फार कमी लोक महत्त्व देतात. जर्मनीत 1 मार्च 2020 पासून बालवाडी आणि शाळेत प्रवेशासाठी गोवरप्रतिबंधक लसीचा पुरावा कायद्याने आवश्यक आहे. आपल्याकडे एम.आर. म्हणजे गोवर-रुबेला लसीचे दोन डोस नवव्या महिन्यानंतर आणि दीड-दोन वर्षांच्या सुमारास दिले जातात, त्यामुळे लस बहुधा झालेली असते. मात्र आशाताईने कार्डावर केलेली नोंद मराठीत आणि पुसट असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन वैद्यकीय अधिकाऱ्याकडून लसींची नावे व तारखा इंग्रजीत, सही-शिक्क्यासह लिहून घ्याव्यात. या एका कागदाने नंतरची दोन-तीन टोचणी आणि महिनाभराची धावपळ वाचते.

सर्व मूळ कागद हातातील पिशवीत असावेत, सामानात टाकू नयेत. जर्मन अनुवाद शपथबद्ध अनुवादकाकडूनच करून घ्यावेत, कारण इतरांचा अनुवाद कार्यालये सहसा स्वीकारत नाहीत.

वावर, बँक आणि ओटीपी

शेतकरी कुटुंबाला हा भाग टाळता येत नाही. पीक पेऱ्याची नोंद 2021 पासून शेतकऱ्यानेच ई-पीक पाहणीच्या ॲपवर, वावरात उभे राहून, पिकाच्या फोटोसह करायची असते. ती राहिली तर हमीभावाने विक्री करताना आणि अतिवृष्टीची मदत मिळवताना दोन्ही वेळा अडते. म्हणून हे काम भावाने करायचे की बटाईदाराने, हे निघण्यापूर्वी ठरवून त्याच्याकडून एकदा समोर करून घ्यावे.

भावाच्या किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करायचे असल्यास ते दुय्यम निबंधक कार्यालयात निघण्यापूर्वीच नोंदवावे. त्यात पीककर्ज, वीज जोडणी, नुकसानभरपाई असे नेमके अधिकार लिहावेत आणि जमीन विक्रीचा अधिकार घालू नये. हा भावावरील अविश्वास नव्हे, उलट पुढे नात्यात किंतु येऊ नये म्हणून घेतलेली काळजी आहे. परदेशात गेल्यावर मुखत्यारपत्र करण्याची वेळ आली तर बाडेन-व्युर्टेंबर्गमधील रहिवाशांना म्युनिक येथील भारतीय वाणिज्य दूतावासात जावे लागते, आणि तो कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

परदेशात राहू लागल्यावर आपले साधे बचत खाते एनआरओ म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यात बदलून घेणे फेमा या परकीय चलनविषयक कायद्यानुसार आवश्यक आहे. अनिवासी भारतीय पीएम-किसान योजनेस पात्र नाहीत, त्यामुळे वर्षाचे 6,000 रुपये आपोआप येत राहिले तरी तो लाभ स्वतःहून सोडावा, नाहीतर पुढे वसुलीची नोटीस म्हाताऱ्या वडिलांच्या हाती पडते. चार पैसे साठले की गावात आणखी दोन एकर घ्यावे, हा विचार आमच्याकडे प्रत्येकाच्या मनात असतो. तो येथेच तपासून घ्यावा, कारण अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची स्वतःची जमीन ठेवता येते आणि वारसाने आलेलीही ठेवता येते.

भारतातील सिमकार्ड बंद पडू देऊ नये. आधार, बँक, सातबारा अशा प्रत्येक ठिकाणी ओटीपी त्याच नंबरवर येतो. निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्यावे, आणि रिचार्जची तारीख घरातील एका माणसाच्या जबाबदारीवर सोडावी.

केव्हा निघावे

आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी गेलो, आणि इतरांनी तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. डिसेंबरमध्ये तिथे सकाळी आठनंतर उजाडते आणि दुपारी साडेचारच्या सुमारास अंधार पडतो. आमच्या मुलाने पहिल्या आठवड्यात रोज पाच वाजता विचारले, 'बाबा, आज जेवण नाही का?' कारण त्याच्या लेखी रात्र झालेली असे. पऱ्हाटीच्या वावरात, उन्हात वाढलेल्या लेकरांना हा अंधार जड जातो, आणि मोठ्या माणसालाही तो जाणवतो.

माझ्या अनुभवाने सर्वांत योग्य महिना मे आहे. आपल्याकडील वार्षिक परीक्षा तोवर संपलेली असते, आणि विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे इकडचे काहीच बुडत नाही. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीस लागते. म्हणजे मुलाला जून आणि जुलै हे दोन महिने वर्गात बसायला मिळतात, चार मुलांशी ओळख होते, नंतर सहा आठवड्यांची सुट्टी भाषा ऐकण्यात जाते, आणि सप्टेंबरमध्ये नवे वर्ष सुरू होते तेव्हा ते मूल अगदी परके राहिलेले नसते. त्या दिवसांत रात्री नऊपर्यंत उजेड असतो, एवढे लक्षात ठेवून झोपायच्या खोलीला जाड पडदे मात्र लावावेत.

पहिले चौदा दिवस

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला तिकडे आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी पासपोर्ट, विवाह व जन्माचे दाखले आणि घरमालकाने भरून दिलेले राहत असल्याचे प्रमाणपत्र लागते. नुसता भाडेकरार पुरत नाही. म्हणून किल्ली घेतानाच घरमालकाकडून हे प्रमाणपत्र मागून घ्यावे. पुढील सर्व कामे या एका नोंदणीवर अवलंबून असतात : 11 अंकी कर क्रमांक पोस्टाने येतो, बँक खाते उघडते, आरोग्य विमा कार्ड मिळते आणि शाळेचा अर्ज स्वीकारला जातो.

येथे एक लहानशी गोष्ट फार महत्त्वाची आहे. दारावरील टपालपेटीवर आणि घंटीच्या बटणाशेजारी कुटुंबाचे आडनाव त्याच दिवशी लावावे. आमच्या गावी पोस्टमन नाव पुकारत येतो आणि घरी कोणी नसले तर पत्र शेजारच्या काकूंकडे ठेवून जातो. तिथे पेटीवर नाव नसेल तर पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते. पत्नीने सुरुवातीला तिच्या सहकारी परिचारिकेच्या खोलीत दिवस काढले होते, त्यामुळे नव्या घराच्या पेटीवर जुन्या भाडेकरूचेच नाव राहिले. मुलांच्या विम्याची पत्रे दोनदा परत गेली, आणि मुलगी तापाने फणफणली असताना आमच्या हाती कार्ड नव्हते. ज्यांच्या घरी पत्नी आणि पती यांची आडनावे कागदोपत्री वेगळी असतील, त्यांनी दोन्ही आडनावे लावावीत.

जर्मनीत महत्त्वाची प्रत्येक गोष्ट अजूनही पत्राने येते. त्यासाठी एक जाड फाइल आणून त्यात कर, विमा, घर, शाळा आणि परवाना असे पाच कप्पे करावेत, आणि पत्र न समजले तरी तारीख टाकून त्याच दिवशी योग्य कप्प्यात लावावे. पत्रातील मुदतीची तारीख शोधून ती भिंतीवरील कालनिर्णयात लाल शाईने लिहिण्याची सवय आम्ही लावून घेतली, ती आजही मोडलेली नाही.

रहिवासी परवान्याचा अर्ज व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी परदेशी नागरिक कार्यालयाकडे गेला पाहिजे. भेटीची वेळ मिळायला महिने लागू शकतात, म्हणून नोंदणी झाली की लगेच त्या कामाला लागावे, आणि अर्ज केल्याची लेखी पोच जपून ठेवावी.

मुलांच्या भत्त्याचा अर्जही याच सुमारास करावा. हा भत्ता 2025 मध्ये प्रत्येक मुलामागे महिन्याला 255 युरो होता. उशिरा अर्ज केल्यास मागील सहा महिन्यांपुरतीच थकबाकी मिळते, त्याआधीचे पैसे बुडतात.

घर : भाडे, ओल आणि केरवोखे

भाड्याच्या जाहिरातीत दोन आकडे असतात. एक नुसत्या जागेचे भाडे, त्याला काल्टमिटे म्हणजे थंड भाडे म्हणतात, आणि दुसरे पाणी व हीटिंगसह, ते उबदार भाडे. हिशेब नेहमी दुसऱ्या आकड्यावर करावा. अनामत रक्कम थंड भाड्याच्या तिपटीहून अधिक मागता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच आहे. पुष्कळ घरांत स्वयंपाकाचा ओटाही नसतो. आधीचा भाडेकरू तो उखडून घेऊन जातो, म्हणून घर पाहताना स्वयंपाकघर मिळणार आहे का, हे विचारून लेखी घ्यावे. प्रत्येक घरामागे महिन्याला 18.36 युरो रेडिओ-दूरदर्शनचे शुल्क येते. दूरदर्शन संच नसला तरी ते भरावे लागते, त्यामुळे ते पत्र फसवे समजून टाकून देऊ नये.

आपल्या घरांना ओसरी असते, कवेलूतून हवा खेळते, आणि फोडणीचा धूर आपोआप निघून जातो. तिथली घरे हिवाळ्यासाठी घट्ट बंद केलेली असतात. वरण शिजवल्याची वाफ, आत वाळत घातलेले कपडे आणि चार माणसांचा श्वास यांचे पाणी भिंतीच्या कोपऱ्यांत साठते आणि काळी बुरशी चढते, तिचा खर्च पुढे अनामत रकमेतून कापला जाण्याची शक्यता असते. उपाय सोपा आहे. दिवसातून दोन-तीन वेळा, कितीही थंडी असली तरी, समोरासमोरच्या खिडक्या पाच ते दहा मिनिटे सताड उघडाव्यात आणि मग पूर्ण बंद कराव्यात. दिवसभर खिडकी किंचित उघडी ठेवल्याने भिंत थंड होते आणि बुरशी वाढते.

बाडेन-व्युर्टेंबर्गच्या श्वाबन भागात केरवोखे नावाची पद्धत आहे. इमारतीचा जिना, तळघराची वाट आणि समोरचा रस्ता झाडण्याची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे येते, आणि पाळी ज्याची असेल त्याच्या दारावर पाटी टांगली जाते. आमच्याकडे सकाळी उठून अंगणात सडा टाकण्याची पद्धत आहेच, त्यामुळे हे काम आपल्या माणसांना नवे वाटू नये. मी पहिल्या पाळीला जिना नुसता झाडला नाही, तर फडक्याने पायरी-पायरी पुसून काढला. तोवर केवळ मान हलवणाऱ्या खालच्या मजल्यावरील आजीबाई त्या शनिवारी प्रथमच माझ्याशी बोलल्या, आणि पुढे कचऱ्याची वर्गवारी त्यांनीच मला तळघरात उभे करून शिकवली : कागद वेगळा, ओला कचरा वेगळा, वेष्टने वेगळी, उरलेला वेगळा, आणि काचेच्या बाटल्या रंगानुसार गावातील डब्यांत, पण रविवारी नाही, कारण आवाज होतो. रविवारी दुकानेही बंद असतात, म्हणून दूध, पीठ आणि औषध शनिवारीच भरून ठेवावे.

दवाखाना

सरकारी आरोग्य विम्यात एका कमावत्या माणसाच्या हप्त्यावर कमाई नसलेला जोडीदार आणि मुले यांचा विमा वेगळे पैसे न भरता होतो. मात्र तो आपोआप होत नाही, त्यासाठी अर्ज भरावा लागतो. कार्ड आले की आजारी पडण्याची वाट न पाहता गावातील फॅमिली डॉक्टर आणि बालरोगतज्ज्ञ यांच्याकडे नाव नोंदवावे. अनेक ठिकाणी नवे रुग्ण घेणे बंद असते, म्हणून चार ठिकाणी विचारण्याची तयारी ठेवावी.

गावी ताप आला की डॉक्टर सुई देतात आणि तीन रंगांच्या गोळ्या बांधून देतात. तिथे डॉक्टर तपासतात, विश्रांती घ्या आणि गरम काढा प्या असे सांगून परत पाठवतात, आणि प्रतिजैविक औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही. सुरुवातीला आपल्याकडे दुर्लक्ष होत आहे असे वाटते, पण ती त्यांची विचारपूर्वक पद्धत आहे. जिवावरच्या प्रसंगी 112, पोलिसांसाठी 110, आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी जिवावर न बेतणाऱ्या आजारासाठी 116117 हे तीन क्रमांक फ्रीजवर चिकटवावेत. त्यांच्याखाली आपला पत्ता जर्मन उच्चारात, देवनागरीत लिहावा. घाबरलेल्या माणसाला परक्या भाषेतील गल्लीचे नाव आठवत नाही, समोर लिहिलेले मात्र वाचता येते.

मुलांची शाळा

साधारण सहाव्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे, आणि मुलाला घरी शिकवण्याची परवानगी नाही. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये पूर्वतयारीचे वर्ग असतात. ते प्रत्येक शाळेत नसतात, त्यामुळे नोंदणीच्या वेळीच जवळचा वर्ग कोठे आहे हे विचारावे. आमचा मुलगा गावच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीत होता. तिथे त्याला दुसरीत बसवा, असा आग्रह मी स्वतः धरला. एक वर्ष मागे गेल्याचे दुःख करू नये, कारण चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागणी होते, आणि त्या वेळी भाषा पक्की असणे वयापेक्षा महत्त्वाचे ठरते.

लहान मुलासाठी, एक वर्ष पूर्ण झाल्यापासून, कीटा म्हणजे बालवाडीतील जागेचा कायदेशीर हक्क 2013 पासून आहे. प्रत्यक्षात जागा मिळायला वाट पाहावी लागते, म्हणून कमावता माणूस आधी गेला असेल तर त्याने कुटुंब येण्यापूर्वीच नाव लावता येते का, ते पाहावे. कीटात मुलाला एकदम सोडून येता येत नाही. पहिले काही आठवडे आई किंवा वडिलांनी सोबत बसायचे असते, आणि ती वेळ हळूहळू कमी केली जाते. मी तीन आठवडे कोपऱ्यातील एका बुटक्या खुर्चीवर बसलो होतो. 'हात धू', 'रांगेत ये', 'कोणाची पाळी?', 'संपले का?' ही वाक्ये दिवसातून पन्नास वेळा कानी पडत, आणि जी जर्मन मला दारव्ह्यात पुस्तकातून चढत नव्हती ती तिथे कानांतून उतरू लागली. ज्या घरी आई-वडील दोघांपैकी एक कमावत नसेल, त्याने हे काम ओझे समजू नये. घरी राहणाऱ्या माणसासाठी यासारखा मोफत भाषावर्ग दुसरा नाही.

सामानात दोन वस्तू आधी घ्याव्यात : वर्गात घालायच्या घरगुती चपला आणि चिखलातील रबरी विजार. पाऊस असला तरी मुलांना रोज बाहेर नेतात. दप्तर फार महाग असते, ते वापरलेले घेण्यास हरकत नाही. एक कडक नियम सर्वांनी लक्षात ठेवावा : शाळा चालू असताना लग्नकार्यासाठी मुलाला महिनाभर गावी नेता येत नाही, त्यासाठी दंड होऊ शकतो.

घरी राहणाऱ्याची भाषा

जोडीदाराच्या व्हिसासाठी भाषेचे प्रमाणपत्र सक्तीचे असो वा नसो, पहिली पातळी ए-1 गावातूनच पूर्ण करून निघावे, आणि पहिल्या महिन्यातच पुढील वर्गाला नाव घालावे. एकात्मता अभ्यासक्रम नावाचा शासकीय वर्ग असतो, त्यात 600 तास भाषा आणि 100 तास त्या देशाचा इतिहास, कायदा व रीतिरिवाज शिकवतात. बहुतेक कुटुंबांत 'आधी मुले रुळू द्या, मग बघू' म्हणून हा वर्ग पुढे ढकलला जातो. हे टाळावे. कमावत्या माणसाला रुग्णालयात दिवसभर भाषा मिळते, मुलांना शाळेत मिळते, आणि सहा महिन्यांनी घरातील एकच माणूस मुका राहतो. शेजारच्या गावात आलेल्या आपल्याकडील एका ताई वर्षभर नवऱ्याशिवाय दुकानात गेल्या नव्हत्या. मुलीच्या शिक्षिकेचा फोन आला की त्या तो उचलत नसत.

वर्ग सुरू होईपर्यंत रोज एक काम एकट्याने करण्याचा नेम धरावा. पहिल्या आठवड्यात बेकरीतून पाव आणावा, दुसऱ्यात पोस्टातून पाकीट पाठवावे, तिसऱ्यात ग्रंथालयाचे सभासद व्हावे, आणि चौथ्यात दवाखान्यात फोन करून वेळ घ्यावी. फोन सर्वांत कठीण असतो, म्हणून बोलायची तीन वाक्ये कागदावर लिहून समोर ठेवावीत. माझा पहिला फोन दीड मिनिट चालला आणि त्या दीड मिनिटात माझा सदरा घामाने ओला झाला, बाहेर बर्फ पडत असताना.

परिचारिकेसारख्या कुशल कामगाराच्या जोडीदाराला काम करण्याची परवानगी असते. लहान कामापासून सुरुवात करणे चांगले : 2025 मध्ये महिन्याला 556 युरोपर्यंतच्या कामाला मिनीजॉब म्हणत, आणि त्यात कुटुंबाच्या विम्याला धक्का लागत नाही. नेकार नदीच्या खोऱ्यात उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत, तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणीला माणसे लागतात. शेतीत वाढलेल्या माणसाचा हात तिथे लगेच ओळखला जातो, आणि भाषेची लाज कामाच्या ओघात निघून जाते. गाडी चालवण्याविषयी एवढेच : आपला परवाना सहा महिने चालतो, त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

चूल आणि सामान

युरोपीय संघात भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, त्यामुळे तूप, पेढे आणि खवा घरीच ठेवावेत. ताज्या भाज्या व कढीपत्ताही नेता येत नाही. तूप तिथल्या बिनमिठाच्या लोण्यापासून उत्तम कढवता येते. तिखट, तुरीची डाळ, मुंगवड्या, कुरडया आणि ज्वारीचे पीठ नेता येते, आणि भिवापुरी मिरचीचे तिखट तर अवश्य न्यावे. नागपूरहून आखाती देशामार्गे जाणाऱ्यांसाठी एक गंभीर सूचना : मसाल्यात खसखस असू देऊ नये. आखाती देशांत ती अंमली पदार्थांत गणली जाते आणि त्यापायी तुरुंगवासाची वेळ येऊ शकते. आईने प्रेमाने कुटून दिलेल्या मसाल्यात काय आहे, हे तिला विचारून घ्यावे.

पोळीसाठी साधा मैदा चालत नाही, आणि कोंड्यासह दळलेले पीठ जाडसर असते. आम्ही पाकिटावर 1050 हा क्रमांक असलेल्या पिठात थोडे कोंड्याचे पीठ मिसळतो. कोथिंबीर, वांगी, हरभरे आणि मसुरीची डाळ तुर्की दुकानांत स्वस्त मिळते.

गावाशी संपर्क आणि पोळा

हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन तास. आई-बाबांशी बोलण्याची वेळ ठरलेली असावी. आमच्याकडे ती रविवारची दुपार आहे, तेव्हा गावी दिवेलागण झालेली असते. फोनवर मुलांना 'आजीला सांग काय जेवला' एवढे विचारून सोडू नये. माझ्या आईने नातवाला प्रत्येक रविवारी एक काम लावून दिले आहे : आठवड्यात पाहिलेली एक गोष्ट वऱ्हाडीत सांगायची. तो अडला की ती म्हणते, 'जर्मनीतलं नाव नको सांगू रे, आपलं सांग.' मग तो शब्द शोधतो. घरात मुलांशी जर्मन बोलण्याचा सल्ला काही लोक देतात, तो मानू नये. त्यांची जर्मन शाळेत पक्की होते, आणि आई-बापाची मोडकी जर्मन ऐकून ती सुधारत नाही.

गावी जाण्याचा काळ शाळेच्या सुट्टीवर बेतावा लागतो, आणि दिवाळी त्या सुट्टीत बसेलच असे नाही. पोळा मात्र बहुतेक वर्षी ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे त्यांच्या उन्हाळी सुट्टीतच येतो. आम्ही जानेवारीत नवे कालनिर्णय आले की आधी पोळ्याच्या तारखेवर खूण करतो, नंतर शाळेचे सुट्टीपत्रक शेजारी ठेवतो, आणि फेब्रुवारीतच चार तिकिटे काढतो. परतीची तारीख शाळा उघडण्याच्या तीन दिवस आधीची ठेवतो, आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी येताना कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवतो, म्हणजे शिंगे मोडत नाहीत.